पडणारं झेलायचं नाही

माझ्या डाव्या हाताची तर्जनी तळव्याला टेकत नाही. मूठ वळली की बाकीची बोटं गुमान आत जाऊन बसतात आणि ही एकटी थोडी बाहेर राहते. मधल्या फटीतून हरभऱ्याचा दाणा जाईल. नात लहान होती तेव्हा खरंच दाणा घालून बघायची आणि "आज्जी, गेला!" म्हणून टाळ्या पिटायची. मनगटाच्या आतल्या बाजूला एक व्रण आहे, अर्ध्या बांगडीएवढा वाकडा. भाजीवालीने विचारलं तेव्हा मी तिला सांगितलं, मगर चावली. पुराच्या वर्षी चेन्नईतल्या आमच्या वेलचेरीत काय काय वाहून आलं होतं, त्यामुळे तिने निम्मा विश्वास ठेवला आणि कढीपत्त्याची एक काडी जास्त घातली.

खरी गोष्ट मगरीपेक्षा बावळट आहे, आणि तिच्यातली बावळट बाई मीच. तेव्हा मी त्रेसष्ट वर्षांची होते. अक्कल यायची तेवढी येऊन चुकली, असं वाटायचं वय.

आधी आमच्या ह्यांच्याबद्दल सांगायला हवं. नाव घेत नाही. आयुष्यात कधी घेतलं नाही, आता कागदावर घेतलं तर काय ओ देणार आहेत? हे टूलरूममधले. आधी पिंपरीला आणि मग इथे चेन्नईला, गाड्यांच्या कारखान्यात. लेथ, ग्राइंडर, ड्रिल ह्यांच्याबरोबर त्यांनी जितका संसार केला तितका माझ्याबरोबर केला नाही. त्यांचा एक नियम होता: फिरत्या यंत्रापाशी अंगावर लोंबतं काही नको. घड्याळ नको, अंगठी नको, मोकळी बाही नको. हातमोजेसुद्धा नकोत. लोकांना वाटतं मोज्याने हात वाचतो, पण फिरणाऱ्या यंत्रात आधी मोजाच अडकतो आणि जाताना हाताला बरोबर घेऊन जातो.

लग्न होऊन पंधरा दिवस झाले असतील. पिंपरीच्या खोलीत सकाळी हे कामावर निघाले आणि माझ्या वडिलांनी दिलेली अंगठी बोटातून काढून दाढीच्या सामानाच्या डब्यात टाकली. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. बावीस वर्षांची मी, माहेरून ताजी आलेली, तिसऱ्या दिवशी माझी खात्रीच पटली की कारखान्यात कुणीतरी आहे. टूलरूममध्ये तेव्हा एकही बाई नव्हती हे मला नंतर कळलं. पण संशयाला बाई लागते थोडीच! मी रडले. हे म्हणाले, "अगं, लेथला काय कळतंय माझं लग्न झालंय ते?" त्यावर मी दोन दिवस बोलले नाही आणि दोन्ही वेळा दुधीभोपळा केला. शेवटी डब्याला हात लावायच्या आधी हे शांतपणे म्हणाले, "आमच्यातल्या एकाची अंगठी लेथच्या फिरत्या चकात अडकली. अंगठी गेली, बोटाचं कातडंही तिच्याबरोबर गेलं. सोललेलं बोट मी बघितलंय." ही गोष्ट त्यांनी जन्मात पुन्हा काढली नाही. दुसऱ्या दिवसापासून डब्याचं झाकण मीच उघडून धरायला लागले.

आता कोणीही म्हणेल, बाई शिकली. छे! मी एवढंच शिकले की हा नियम पुरुषांच्या हातांसाठी आहे. बायकांच्या हातातली काच देव सांभाळतो. आमच्या कऱ्हाडकडे आई सांगायची, सवाष्णीचा हात क्षणभरही रिकामा ठेवायचा नाही. एखादी बांगडी पिचली तर दुसरी घातल्याशिवाय पाणी प्यायचं नाही. चेन्नईला आल्यावरही मी हिरव्या काचेचा चुडा सोडला नाही. टी. नगरच्या बाजारात जाऊन भरून आले की परतीच्या बसच्या रेटारेटीत दोन तरी जायच्याच, म्हणून मी दोन जास्तच घेऊन ठेवायची. समोरच्या फ्लॅटमधल्या पाट्टी हसायच्या. पाट्टी म्हणजे आजी, माझ्याहून दहा वर्षांनी मोठ्या, तमिळ, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेल्या, तरी हातात दोन सोन्याच्या बांगड्या घालणाऱ्या. त्या म्हणायच्या, "आमच्यात ताली महत्त्वाची, गळ्यातली. बांगड्या शोभेला." मी म्हणायची, "बरंय. तुमच्यात नवरा गळ्यात असतो, आमच्यात मनगटात."

हे निवृत्त झाले आणि सहा-सात वर्षांनी त्यांना झटका आला. उजवी बाजू गेली. शब्द होते, पण एकेक करून यायचे. दवाखान्यातून घरी आणताना डॉक्टरांनी बजावलं की ह्यांना सगळ्यात जास्त धोका बाथरूममध्ये आहे, कमोडजवळच्या भिंतीला धरायला दांडा बसवून घ्या. स्टीलचा दांडा त्याच दिवशी आणला. बसवणारा मात्र येईना. नुकतंच पुराचं पाणी ओसरलेलं, सगळ्या इमारतींत दुरुस्त्या चाललेल्या. रोज फोन केला की तो म्हणायचा, "नाळैक्कु वरेन्मा." उद्या येतो. असे नऊ उद्या गेले.

दहाव्या दिवशी मी कपाटातून ह्यांचं ड्रिल मशीन काढलं. हे बाथरूमच्या दाराशी खुर्चीत बसले. खुर्ची मी पंख्याखाली मांडली होती, ती ह्यांनी हट्टाने स्विचबोर्डाजवळ ओढायला लावली. डाव्या हाताने खुणा करून सगळं सांगितलं. टाइलवर आधी चिकटपट्टी लाव, म्हणजे ड्रिलचं टोक घसरत नाही. चक, म्हणजे टोक धरणारा जबडा, घट्ट कर. चावी काढून बाजूला ठेव. मी बरोबर केलं. मग त्यांचं बोट माझ्या मनगटाकडे वळलं.

"बां... गड्या."

"काय त्यांचं?"

"काढ."

"अहो, तुम्ही असे बसलेले असताना? भलतंसलतं बोलू नका."

त्यांनी खुर्चीच्या हातावर थाप मारली. "काढ!"

आता माझी हुशारी बघा. बांगड्या काढायच्या नव्हत्या आणि नवऱ्याचाही मान राखायचा होता. मी दोन्ही मनगटांवर चुड्यावरून रुमाल गुंडाळून गाठ मारली आणि दोन्ही हात त्यांच्यापुढे नाचवले. "झालं? लोंबतंय काही?" ते मान हलवत राहिले. मला वाटलं, आजाराने हट्टी झालेत.

पहिलं भोक सुरेख पडलं. मी वळून म्हटलंसुद्धा, "बघितलंत? एवढ्याशा कामाचा तीस वर्षं पगार घेतलात!" ते हसले नाहीत. दुसऱ्या भोकाला जोर जास्त लागत होता. उजव्या हातात मूठ आणि डावा हात पुढे, आधाराला. घामाने डाव्या रुमालाची गाठ सैल झाली असावी. रुमालाचं टोक चकाने उचललेलं मला दिसलंच नाही. आधी काचेचा आवाज आला. मग हात माझा नसल्यासारखा ओढला गेला, आणि तेवढ्यात यंत्र थांबलं. ह्यांनी डाव्या हाताने स्विच बंद केला होता. खुर्ची तिथेच का हवी होती ते तेव्हा कळलं.

पाट्टींनी टॉवेल गुंडाळला आणि रिक्षात माझा हात वर धरून बसल्या. काचेने तीन टेंडन कापले होते, बोटं मिटणाऱ्या दोऱ्याच म्हणा. सर्जनने ते शिवले आणि सांगितलं, हे टाके पहिले काही आठवडे भिजलेल्या कागदासारखे समजा. सहा आठवडे पट्टीत हात वाकवून ठेवायचा, तीन महिने वजन नाही. टाका तुटला तर पुन्हा ऑपरेशन, आणि मग बोटं मिटतील याची खात्री नाही.

मुलगा बंगळुरूहून आला. आम्हा दोघांकडे आळीपाळीने बघून म्हणाला, "आई, आता कोणी कोणाला बघायचं? इथल्याच कोवलमच्या वाटेवर एक ठिकाण आहे, आजारी म्हाताऱ्यांना सांभाळणारं, चांगलं आहे. बाबांना तिथे ठेवू. समुद्र दिसतो."

"न... को," हे म्हणाले. आणि पुन्हा, कोणी ऐकलं नसेल असं वाटून, "नको."

मी मुलाला म्हटलं, "तीन महिने दे. हात आला की मी ह्यांना उठवीन, बसवीन. तोवर सकाळी बाई ठेवू."

तो म्हणाला, "हात आला तर."

म्हणजे ठरलं असं. माझी बोटं मिटली तर हे घरी.

फिजिओथेरपी करणारी मुलगी आम्हा दोघांची एकच होती. आधी ह्यांचा उजवा हात, मग माझा डावा. "मेल्ल, मेल्ल, अम्मा." हळू, हळू. माझ्याच उजव्या हाताने डाव्या हाताची बोटं एकेक करून वाकवायची, थांबायचं, सोडायचं. जोर त्या हाताचा नाही, दुसऱ्याचा. ह्यांनाही तसंच, फक्त बाजू उलट. त्यांचा डावा चालणारा, माझा उजवा. दोघांत मिळून एक धड माणूस होत होतं, आणि आम्ही ते वापरायला लागलो. लसूण मी धरायची, ते नखाने सोलायचे. त्यांच्या लुंगीची गाठ दोघांनी एकेक टोक ओढून मारायची. आरतीला टाळी वाजवायची तर त्यांचा डावा तळवा आणि माझा उजवा. ताल कधी जुळला नाही. पाट्टी एकदा दारातून बघून गेल्या आणि रसमचं पातेलं ठेवून परत गेल्या.

त्या मुलीने एक गोष्ट मला दहादा सांगितली. पडणारं काही झेलायचं नाही. कप पडू दे, फोन पडू दे, काहीही पडू दे. आपण विचार करायच्या आत हात पुढे जातो आणि त्या एका झटक्याने टाका तुटतो. काही पडलं की डावा हात छातीशी घ्यायची सवय करा.

हे ऐकलं आणि आमच्या ह्यांच्या डोळ्यांत कित्येक दिवसांनी चमक आली. दुसऱ्या दिवशी जेवताना त्यांनी टेबलावरून चमचा ढकलून दिला. माझा डावा हात पट्टीसकट पुढे!

"आऊट," हे म्हणाले.

"अहो! असा खेळ करतात होय?"

"आऊट," पुन्हा. एवढा शब्द मात्र स्पष्ट यायचा.

पहिल्या आठवड्यात मी कितीदा आऊट झाले याची गणतीच नाही. चमचा, प्लॅस्टिकचा पेला, रिमोट, एकदा अख्खी इडली. मी वैतागले की त्यांचं अर्धं तोंड हसायचं. वय वर्षं त्रेसष्टची ही खुळी बाई चिडून म्हणायची, तुमच्या हातात चमचा देणंच बंद करते. पण हळूहळू हात शिकला. चौथ्या आठवड्यात चमचा पडण्याआधीच माझा डावा हात छातीशी येऊन बसायचा, शाळेतल्या प्रार्थनेला यायचा तसा. मग हे डावं बोट वर करून, शब्दाला वेळ देत म्हणायचे, "नॉट... आऊट." त्या मुलीलाही नवल वाटलं. ती म्हणाली, "अम्मा, सर तुमच्यापेक्षा चांगले शिकवतात."

पाचव्या आठवड्यातल्या एका सकाळी मदतीची बाई आली नाही, तिच्या मुलीला ताप होता. पाट्टी देवळात गेल्या होत्या. ह्यांना बाथरूमला जायचं होतं आणि थांबणं त्यांच्या हातात नव्हतं. मी नेलं. चार पावलं तर होती. बसले. उठताना मी त्यांच्या उजव्या बाजूला, कमजोर बाजूला, उभी होते. म्हणजे माझा डावा हात त्यांच्याकडे. त्यांनी चांगला हात भिंतीकडे नेला, दांडा असायला हवा होता तिथे. तिथे एक पूर्ण भोक होतं आणि एक अर्धं. हात टाइलवरून घसरत गेला, आणि ते माझ्या बाजूला कलले.

माझा डावा हात छातीशी गेला.

जसं झालं तसं लिहिते आहे. चमच्याला जायचा, इडलीला जायचा, तसाच गेला, एका क्षणात, नीट जागेवर. मागाहून उजवा हात आडवा धावला. त्याला सदरा लागला आणि निसटला. मुठीत एक बटण राहिलं.

ते जमिनीवर होते. पाय नको तिकडे वळला होता. त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं, मग माझ्या छातीवरच्या हाताकडे. आणि त्या अर्ध्या तोंडाने, शब्दाला वेळ देत, ते म्हणाले, "नॉट... आऊट."

खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं. त्यानंतर त्यांना उठवायला दोन धडधाकट माणसं लागायची, आणि आमच्या घरात एकही नव्हतं. त्यांना कोवलमच्या वाटेवरच्या त्या ठिकाणी नेलं. ह्या वेळी ते नको म्हणाले नाहीत. मला वाटत होतं म्हणावं.

मी रोज बसने जायची. दुपारच्या बसमध्ये मासे विकून परतणाऱ्या बायका रिकाम्या टोपल्या पायांशी घेऊन बसायच्या आणि मी त्यांच्यात बसून बोटं वाकवायची, थांबायची, सोडायची. एक जण हसून विचारायची, "एण्णम्मा, काय हो, जपमाळ हरवली का?" खोलीतून समुद्र दिसत होता, पण त्यासाठी मान उजवीकडे वळवावी लागायची आणि ते ह्यांना जमत नव्हतं. मी त्यांच्या डोळ्यांसमोर बसून व्यायाम करायची. ते मोजायचे. दहा झाले की पापणी मिटायचे.

तिसऱ्या महिन्यात त्या मुलीने मला परवानगी दिली, आता हलकं वजन उचलायला हरकत नाही. पाण्याचा पेला, फुलपात्र, असलं काही. मी बस पकडून तिथे गेले आणि डाव्या हाताने ह्यांचा उजवा हात चादरीवरून उचलला. हलका नव्हता. बोटं थरथरली, तर्जनी वळलीच नाही, पण बाकीच्यांनी धरला. त्या हाताला त्यांना स्पर्श कळत नव्हता. मी म्हटलं, "अहो, बघा, हात आला." त्यांनी डोळ्यांनी बघितलं. बराच वेळ बघितलं.

त्यानंतर तीन आठवड्यांनी छातीत कफ होऊन गेले.

सगळे म्हणाले, तुम्ही त्यांना धरूच शकला नसता. त्यांचं वजन केवढं, तुमचं केवढं! दोघं पडला असतात आणि हातही गेला असता. सर्जन हेच म्हणाले, ती मुलगीही हेच म्हणाली, मुलगा तर शपथेवर म्हणाला. खरं आहे. मी मान हलवते. पण त्या क्षणी मी असला हिशेब केला नव्हता. काही पडलं आणि मी हात काढून घेतला, एवढंच झालं. ते शिकवायला त्यांना पाच आठवडे लागले होते.

गावाहून जाऊबाईंचा फोन आला. बाकीचं बोलून झाल्यावर त्यांनी आवाज उतरवून विचारलं, "बांगड्यांचं... झालं का?" डावा हात तर चार महिने आधीच रिकामा झाला होता. उजव्या हातातल्या सहा उरल्या होत्या. पाट्टींनी साबणाचं पाणी करून एकेक अलगद काढली, एकही फुटू दिली नाही. माझ्या कामाच्या हातातून पाट्टींनी त्या काढल्या तेव्हा मला सारखं वाटत होतं, हेच एक काम मी दाराशी पाच मिनिटांत करायचं होतं. काढून खिडकीत ठेवायच्या, दोन भोकं पाडायची, हात धुऊन परत घालायच्या. कुणाचं काही वाकडं होणार नव्हतं. इतकी साधी गोष्ट त्या त्रेसष्टच्या शहाणीला समजली नाही. तिला भीती होती की हात रिकामा केला तर नवरा जाईल.

वर्षभराने पाट्टी टी. नगरहून आल्या आणि काचेच्या चार बांगड्या माझ्यापुढे ठेवल्या, जांभळ्या. मी म्हटलं, "पाट्टी, आमच्यात नाही चालत." त्या म्हणाल्या, "मग आमच्यात ये. आमच्यात शोभेला असतात." मी घातल्या. फोटो बघून जाऊबाई महिनाभर बोलल्या नाहीत. तेवढीच शांतता.

दांडा कपाटात कागदात गुंडाळलेला तसाच होता. भिंतीवरची एक पूर्ण आणि एक अर्धं, दोन्ही भोकं मी रोज बघत होते. मुलाने दोनदा माणूस पाठवतो म्हणून सांगितलं, दोनदा मी काहीतरी कारण काढलं. गेल्या पावसाळ्यात बाथरूममध्ये माझाच पाय सटकला. पडले नाही, पण हात आपोआप भिंतीकडे गेला. त्याच जागी.

त्या आठवड्यात पाट्टींना बोलावलं. दाराशी खुर्ची ठेवली, स्विचबोर्डाजवळ, आणि त्यांना बसवलं.

"मी काय करायचं?" पाट्टींनी विचारलं. आता त्या ऐंशीच्या आहेत, पण बोट अजून स्थिर आहे.

"बटणावर बोट ठेवा. मी ओरडले की बंद करा."

"आणि नाही ओरडलीस तर?"

"तरी बंद करा."

साडी नेसलेच नव्हते. नातीचा जुना अर्ध्या बाह्यांचा टी-शर्ट चढवला होता, त्यावर इंग्रजीत काय लिहिलं होतं देव जाणे, पाट्टी वाचून हसत होत्या. केस घट्ट बांधले. चष्मा पुसून घातला. मग जांभळ्या बांगड्या काढल्या, चारही, आधी डाव्या हातातल्या, मग उजव्या, आणि साबणाच्या डबीत ठेवल्या. पाट्टींचं हसणं थांबलं.

टाइलवर चिकटपट्टी लावली. टोक चकात बसवून चावीने आवळायला लागले. तर्जनी वळत नाही, त्यामुळे चावी माझ्या डाव्या हातात नीट राहत नाही. ती निसटली. माझा हात छातीशी गेला. चावी टाइलवर पडून कमोडच्या मागे घरंगळली.

"हातातच होती की," पाट्टी म्हणाल्या. "धरायचीस ना!"

खुर्चीकडून आणखी कोणी काही म्हणेल म्हणून थोडा वेळ तशीच उभी राहिले. मग वाकून चावी उचलली. दुसरं भोक अर्धंच राहिलं होतं.